उशिरा पोचणारा बंब

साहेबांचा बंब पोचला तेव्हा इमारत जळून गेली होती. नुसती जळलीच नव्हती, तर विझून, थंड होऊन बघ्यांची गर्दीही पांगली होती. तरीही साहेबांनी शिस्तीत ब्रेक लावला, बंब रस्त्याच्या कडेला घेतला, घंटा बंद केली आणि हेडफोनमध्ये म्हणाले, "आलो. पाणी कुठे मारायचं?"

"बाबा," पलीकडून मुलगी म्हणाली, "आता राखेवरच मारता येईल."

हे सगळं कॉम्प्युटरवर चाललं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण साहेब पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होते, आणि त्यांच्या हाताखालचं पाणी उशिरा पोचतं असं कोणी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. खऱ्या पाण्याच्या बाबतीत आपण वेळेचे अगदी पक्के आहोत, असं त्यांचं मत होतं. नागरिकांचं मत वेगळं होतं, पण नागरिकांची मतं नेहमीच वेगळी असतात. कचेरीत सगळे त्यांना साहेब म्हणत, इमारतीतले शेजारीही साहेब म्हणत. घरी मात्र कोणी म्हणत नसे, आणि साहेबांनी तसा आग्रहही कधी धरला नव्हता.

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने बाबांसाठी हा कॉम्प्युटर आणून बसवला होता. दर रविवारी संध्याकाळी चौघांनी मिळून आगी विझवायच्या असा तो खेळ. मुलगी शिडीवर, जावई आत शिरून माणसं बाहेर काढायला, मुलीच्या ऑफिसातली मैत्रीण नळीवर, आणि बंबाच्या स्टिअरिंगवर साहेब. "पाणी म्हटलं की बाबाच," असं म्हणून मुलीने त्यांना बंब दिला तेव्हा साहेबांना बढती मिळाल्याइतका आनंद झाला होता. खरं तर खात्यातल्या बढतीपेक्षा जास्तच, कारण ती अजून मिळायची होती.

आणि खरी गोष्ट सांगायची तर आगीचं साहेबांना फारसं काही नव्हतं. मुलगी फोनवर कधी नीट बोलत नसे. "बरी आहे, तुम्ही बरे ना, ठेवते" एवढ्यात फोन संपे. या खेळात मात्र हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. तिचा नवा बॉस, बाबांचा गुडघा, आईची शाळा, सासरच्या स्वयंपाकघरातला गळका नळ, सगळं बंबाच्या वाटेवर निघे. आठवड्यातला तो एक तास गेला तर उरलेल्या आठवड्याचं करायचं काय, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

म्हणूनच त्या रविवारी मुलगी जरा चाचरत बोलली, तेव्हा साहेबांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

"बाबा, पुढच्या रविवारी स्पर्धा आहे ना... तर तेवढ्यापुरतं तुमच्या जागी माझ्या सासऱ्यांना घेऊ का? त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतलाय. त्यांचा बंब कसा, सुसाट सुटतो."

"सुटू दे की," साहेब म्हणाले. "मला काय त्याचं?"

"रागावलात ना?"

"छे! मी कशाला रागावू?" असं म्हणून साहेबांनी बंब वळवला आणि एकही सिग्नल न मोडता तो रिकाम्या रस्त्यांवरून अग्निशमन केंद्रावर नेऊन लावला. तो तिथे नेण्याची काही एक गरज नव्हती. पण रागावलेला नसलेला माणूस असंच वागतो.

तेवढ्यापुरतं! तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी सांगायला नको. त्यांच्या खात्यात एका गृहस्थाला कार्यकारी अभियंत्याचा कार्यभार तेवढ्यापुरता दिला होता. तो त्या खुर्चीत केस पिकेपर्यंत बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. निरोप समारंभात साहेबांनीच त्याच्यावर भाषण केलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांसमोर व्याही त्यांच्या बंबात बसून मुलीशी गळक्या नळाबद्दल बोलताना दिसू लागले, आणि तो नळही व्याह्यांच्याच घरचा होता.

"अगं, पण नेमकं बिघडलंय काय माझ्या कॉम्प्युटरचं?" त्यांनी विचारलं.

"प्रोसेसर कमी पडत असेल, बाबा. एक तर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे त्याला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. नाहीतर सरळ बदलायचा. पण आठवड्याभरात कुठे होतंय ते? राहू द्या."

राहू द्या म्हटलं की साहेब पेटून उठत. हेडफोन काढून ते बाहेरच्या खोलीत आले. बायको शाळेत भूगोल शिकवायची, आणि त्या वेळी सातवीचे पेपर तपासत बसली होती.

"व्याही माझी जागा घेतायत," साहेब म्हणाले.

"कोणती?"

"बंबावरची."

"अहो, खेळच तो," बायको म्हणाली आणि एका पेपरवर तिने भलीमोठी फुली मारली. ती फुली आपल्यावरच मारली असं साहेबांना उगाचच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्नाचा रीतसर अभ्यास सुरू केला. प्रोसेसर म्हणजे पंप, हे त्यांना लगेच पटलं. ओव्हरक्लॉक करणं म्हणजे त्याच पंपाने जास्त दाब देणं, आणि बदलणं म्हणजे नवा पंप बसवणं. दाब वाढवला तर जुनी पाइपलाइन कुठेतरी फुटते. नवा पंप बसवला तर जुनी पाइपलाइन सगळीकडेच फुटते. दोन्ही बाजूंनी अनुभव दांडगा असल्यामुळे त्यांना निर्णयच घेता येईना. अशा वेळी खात्यात समिती नेमतात. साहेबांनी दोन शेजाऱ्यांना चहाला बोलावलं.

वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, आणि समोरच्या घरातले विमावाले विमा विकून अजून निवृत्त होत नव्हते. जिन्याखाली सायकल कोणी लावायची यावरून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत आणि बोलत तर मुळीच नसत. ते एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसले आणि जे काही बोलायचं ते साहेबांमार्फत बोलू लागले.

"त्यांना सांगा," प्राध्यापक म्हणाले, "की यंत्राला आपली ताकद माहीत नसते. ती माणसाने त्याच्याकडून काढून घ्यावी लागते. ओव्हरक्लॉकच करा."

"त्यांना म्हणावं," विमावाले कपात बघत म्हणाले, "वय झालेल्याला पळवायला गेलं की काय होतं, ते मी रोज बघतो. बदला. नव्याला हमी तरी असते."

"त्यांना विचारा, त्यांनी कधी कॉम्प्युटर उघडून बघितलाय का?"

"त्यांनाही तेच विचारा."

साहेबांनी दोघांनाही विचारलं. दोघांनीही बघितला नव्हता. शेवटी, आधी प्रायोगिक तत्त्वावर ओव्हरक्लॉक करावं आणि ते न जमल्यास बदलावं, असा ठराव झाला. सूचक प्राध्यापक. विमावाल्यांनी अनुमोदन दिलं नाही, पण बिस्किटांना हरकतही घेतली नाही.

प्राध्यापक फोन हातभर लांब धरून त्यातल्या सूचना वाचत होते आणि साहेब कीबोर्डवर होते. कॉम्प्युटर सुरू होताना नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं असतं. ते एकदा दाबायचं की दाबून धरायचं, यावर दोघांचं एकमत होईपर्यंत तो क्षण निघून जाई आणि मशीन नेहमीसारखं सुरू होई. असं इतक्या वेळा झालं की शेवटी बायको पेपर बाजूला ठेवून आली, तिने ते बटण तबला वाजवावा तसं वाजवलं, आणि वेग बदलायचा निळा पडदा उघडला. "झालं?" असं म्हणून ती परत गेली. तिने त्यात विशेष काही केलं असं दोघांनीही मान्य केलं नाही.

वेग वाढवला. मशीन सुरू झालं. साहेबांनी बंब बाहेर काढून रस्त्यावरून एक चक्कर मारली. बंब पूर्वीसारखाच रांगत होता. आणखी वाढवला. बंब तसाच. प्राध्यापकांनी कॅबिनेटचं झाकण काढून आत बोट लावून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गार आहे," ते म्हणाले.

"चांगलं आहे ना मग?"

"चांगलं कसलं? इतक्या कष्टाने माणूस घामाघूम व्हायला हवा. हा तर अंघोळ करून बसल्यासारखा दिसतोय." प्राध्यापकांना स्वतःच्या विषयाने दगा दिल्यासारखं वाटलं. जिद्दीला पेटून त्यांनी वेग आणखी वाढवायला लावला आणि पडदा काळाभोर झाला.

त्याच वेळी दारात विमावाले उभे होते. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. एवढं म्हणण्यासाठी ते खास चप्पल घालून आले होते.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. "काही होत नाही हो," तो म्हणाला, "आतला बटणासारखा सेल काढा आणि परत घाला. जुन्या वेगावर येतो." सेल काढला. तो प्राध्यापकांच्या बोटांतून निसटला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. कपाट हलवायला तीन माणसं लागतात, आणि तिसरे विमावाले होते. प्राध्यापक आणि विमावाल्यांनी न बोलता, एकमेकांकडे न बघता ते कपाट असं उचललं, जणू मांडवात एकमेकांवर रुसलेली मुलाकडची आणि मुलीकडची माणसं असावीत. खाली सेल सापडला, आणि शिपायाने चोरली असं साहेब गेली दोन वर्षं जिच्याबद्दल म्हणत होते ती टॉर्चही सापडली. टॉर्च साहेबांनी पटकन खिशात घातली.

मशीन पुन्हा सुरू झालं, तरी प्राध्यापक हार मानेनात. उष्णता आत कुठेतरी दडून बसली आहे असा त्यांचा नवा सिद्धांत होता. मग दुकानातून प्रोसेसरवर बसवायचा मोठा पंखा आला. तो इतका मोठा होता की कॅबिनेटचं झाकण लागेना. झाकण उघडंच राहिलं, म्हणून बाहेरूनही वारा द्यावा असं ठरलं आणि टेबलफॅन आणून त्याच्यासमोर पूर्ण वेगात लावला. कॉम्प्युटरला वारा किती लागला कोण जाणे, पण सातवीच्या भूगोलाला चांगलाच लागला. पेपर उठले, खोलीभर फिरले, आणि त्यातले बरेचसे गॅलरीतून खाली गेले.

"माझे पेपर!" बायको किंचाळली. ती जिना उतरून अंगणात गेली आणि फुलझाडांच्या कुंड्यांमधून एकेक पेपर गोळा करू लागली. साहेब मदतीला गेले तर तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते कुंड्यांची पाहणी करायला आल्यासारखं करून परत फिरले.

पेपरांपैकी एक इमारतीच्या अध्यक्षबाईंच्या खिडकीत गेला होता. तो हातात घेऊन बाई वर आल्या.

"साहेब, तुमच्याकडे गिरणी चालते अशी तक्रार आहे. राहत्या इमारतीत कारखाना चालवता येत नाही."

"गिरणी नाही हो, बाई. कॉम्प्युटर आहे."

"मग आवाज कसला?"

"थंड करतोय त्याला," प्राध्यापक म्हणाले.

बाईंनी पुढे होऊन आत हात लावून बघितला. "हा तर गारच आहे," त्या म्हणाल्या. प्राध्यापकांनी टेबलफॅन बंद केला. "समितीची बैठक होईपर्यंत जैसे थे," असा हुकूम देऊन त्या गेल्या. जैसे थे हे शब्द साहेबांनी आजवर कितीतरी वस्त्यांना ऐकवले होते. ते स्वतःला ऐकून घेताना इतके कडू लागतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

अशा नाजूक घटकेला व्याह्यांचा फोन आला. व्याही अतिशय सज्जन. इतके सज्जन की त्यांच्यावर रागवायलाही जागा सापडू नये, आणि साहेबांना त्यांचा खरा राग याच गोष्टीचा होता.

"नमस्कार, नमस्कार. सूनबाईंकडून कळलं तुमच्या कॉम्प्युटरचं. मी काय म्हणतो, माझा आधीचा इथे नुसता पडून आहे. तुमच्यापेक्षा थोडा बराच असेल. पाठवून देऊ का? आपल्याच घरचा आहे."

"नको, नको, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? अडगळीतच आहे तो."

साहेब अगदी गोड आवाजात बोलले, व्याह्यांच्या तब्येतीची चौकशी केली, विहीणबाईंना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"त्यांच्या अडगळीतला!" ते बायकोला म्हणाले. "माझ्या मुलीच्या बंबात मी व्याह्यांच्या अडगळीवर बसून जाऊ? उद्याच्या उद्या प्रोसेसर बदलायचा. नवा कोरा."

"बदला," बायको म्हणाली. तिने आता सगळे पेपर दोरीने बांधून मांडीवर ठेवले होते.

दुकानदार मोठा उत्साही होता. कोणत्याही अडचणीवर "होऊन जाईल" म्हणायचं आणि दुसरी अडचण दाखवायची, ही त्याची पद्धत. "प्रोसेसर ना? होऊन जाईल. फक्त तुमच्या जुन्या बोर्डावर नवा बसत नाही. बोर्ड बदलू. बोर्ड बदलला की जुनी मेमरी चालत नाही, ती बदलू. एवढं सगळं ओढायचं तर पॉवर सप्लाय मोठा पाहिजे. आणि डिस्कही नवीच घ्या, साहेब. नव्या मशीनवर सगळं नवं टाकू, जुनी कटकटच नको."

"मग माझं जुनं काय राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"माऊस छान आहे तुमचा," दुकानदार म्हणाला.

खरं तर साहेबांना इथे शहाणपण सुचायला हवं होतं. नळ ठिबकतो म्हणून आलेल्या नागरिकाला साहेबांनीच कितीदा समजावलं होतं की नळ बदलायचा तर लाइन बदलावी लागेल, लाइन बदलायची तर रस्ता खोदावा लागेल, आणि रस्ता खोदायचा तर तो आधी कोणाच्या ताब्यात आहे ते ठरवावं लागेल. नागरिक डोकं धरून निघून जायचा. त्या नागरिकाच्या चेहऱ्यावर कसा भाव असे, तो साहेबांना दुकानाच्या काचेत स्वतःच्या चेहऱ्यावर दिसला. पण त्याच काचेत आपल्या बंबात बसलेले व्याहीही त्यांना दिसू लागले. "करून टाका," ते म्हणाले.

रविवारी दुपारी दुकानदार सगळं घेऊन घरी आला. प्राध्यापक वर बसून राहूच शकले नाहीत, आणि प्राध्यापक उतरताना दिसल्यावर विमावाले समोरून आलेच. अध्यक्षबाईही समितीतर्फे निरीक्षक म्हणून खुर्ची घेऊन बसल्या. जुना बोर्ड, जुना प्रोसेसर आणि जुनी डिस्क बाहेर निघाली, तेव्हा साहेबांना थोडं गलबलून आलं. मुलीने आणलेली वस्तू होती ती. नवं मशीन मात्र आवाज न करता, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू झालं. सगळ्यांनी आपसूक टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात जोडून त्या स्वीकारल्या आणि माऊस हातात घेतला.

"थांबा, एक काम राहिलं," ते म्हणाले आणि सराईतपणे सेटिंग उघडू लागले. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. तिथे प्रोसेसर जास्तीत जास्त किती चालवायचा याचा आकडा असतो. तो शंभरावर होता. साहेबांनी तो खोडून पन्नास केला.

"हे काय करताय, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"नवी वस्तू आहे," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "जपून वापरायला नको? नवा पंप आला की आम्ही पहिल्या दिवसापासून अर्ध्यावर चालवतो, तेव्हा कुठे तो वीस-वीस वर्षं टिकतो. लोक सगळं फुल सोडतात आणि मग तक्रारी करतात. आमच्याकडे नाही तसं. मी जुन्यालासुद्धा पहिल्याच दिवशी असंच करून ठेवलं होतं."

विमावाल्यांनी तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "तो जुना इतकी वर्षं अर्ध्यावरच चालत होता?"

साहेबांनी माऊस हातातून सोडला. त्यांच्या डोळ्यांसमोरून जळलेल्या इमारतींची रांगच्या रांग गेली.

"म्हणून गार होता!" प्राध्यापक ओरडले. कित्येक दिवसांनी त्यांचं भौतिकशास्त्र त्यांना परत मिळालं होतं. आनंदाच्या भरात ते चक्क विमावाल्यांकडे वळले. "अहो, ओव्हरक्लॉक करायची गरजच नव्हती!"

"आणि बदलायचीही नव्हती!" विमावाले म्हणाले.

दोघेही चुकले होते आणि अगदी सारखेच चुकले होते, त्यामुळे भांडायला काही उरलं नाही. हसता हसता दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि प्राध्यापकांनी जिन्याखालची अर्धी जागा तिथल्या तिथे देऊन टाकली. दुकानदार तेवढा हसला नाही. तो आपलं सामान पिशवीत भरून, कोणी काही परत करायचं म्हणायच्या आत निघून गेला. अध्यक्षबाईंनी जुने भाग इमारतीच्या ऑफिसासाठी मागितले आणि ते शंभरावर लावून घेतले. तो कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळतो, असं त्या पुढे भेटेल त्याला सांगत असत. साहेब समोर असले की जरा मोठ्याने सांगत.

संध्याकाळ होत आली. साहेब एकटेच पडद्यासमोर बसले होते. मघाचा पन्नास त्यांनी स्वतःच्या हाताने शंभर केला होता. मान शरमेने खाली होती, पण मशीन तयार होतं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, माझा कॉम्प्युटर झाला. व्याह्यांना सांगितलं असशील तर राहू दे. मी आपलं कळवलं."

"खरंच? थांबा हं," असं म्हणत ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण लगेच व्याह्यांचा आवाज आला. "अहो, देवासारखे आलात! सांभाळा तुमचा बंब. आठवडाभर सराव चाललाय आमचा. तुमची मुलगी फार ओरडते हो! एरवी किती शांत आहे." साहेबांचा सगळा राग एका क्षणात गेला. मुलगी ओरडते कशी ते त्यांना माहीत होतं. तिला ओरडायला त्यांनीच शिकवलं होतं.

स्पर्धा सुरू झाली. घंटा वाजली, साहेबांनी बंब काढला, आणि बंब असा सुटला की ते खुर्चीत मागे रेलले. रस्ते, दिवे, दुकानं, झाडं सपासप मागे पडली. नेहमी ज्या पुलावर येईपर्यंत गुडघ्याचा विषय संपत असे, तो पूल आला कधी आणि गेला कधी ते कळलंच नाही. समोर आग होती. चांगली तीन मजली, खिडक्याखिडक्यांतून बाहेर येणारी. साहेब गांगरले. इतक्या रविवारांत त्यांनी आग अशी कधी पाहिलीच नव्हती. ते नेहमी राखेला पोचत.

"बाबा, ब्रेक!" मुलगी ओरडली. बंब इमारतीच्या दारातून आत शिरून मागच्या भिंतीतून बाहेर आला.

"बाबा, मागे! मागे घ्या! पाणी सोडा! इकडे नाही, तिकडे! अहो, शिडीवर मी आहे!"

साहेबांनी मागे घेतलं, पाणी सोडलं, आधी मुलीला भिजवलं आणि मग आग विझवली. इमारत वाचली. दुसऱ्या आगीतली इमारतही त्यांनी जवळजवळ वाचवली. तिसऱ्या आगीत ऐन वेळी जावयाचा कॉम्प्युटर बंद पडला, आत गेलेली माणसं आतच राहिली आणि त्यांचा गट स्पर्धेतून बाद झाला. व्याह्यांच्या घरचं मशीन बंद पडलं याचं साहेबांना वाईट वाटलं. निदान तसं त्यांनी तोंडाने म्हटलं, आणि म्हणताना हेडफोनचा माइक हसू ऐकू जाणार नाही इतका लांब धरला.

मैत्रीण गेली, जावई कॉम्प्युटरला काय झालं ते बघायला गेला. दोघेच उरले.

"बाबा, आज तुम्ही वेळेवर आलात," मुलगी म्हणाली. "कसं केलंत हो?"

साहेब माऊस पुसू लागले, तेवढ्यात बायको मागून माइककडे वाकली. "अगं, जुना कॉम्प्युटर यांनीच अर्ध्यावर ठेवला होता! नवा आहे, जपून वापरू म्हणून! पहिल्या दिवसापासून!"

पलीकडून हसण्याचा स्फोट झाला. साहेबांनी तो निमूटपणे ऐकून घेतला. मुलगी हसली, थांबली, पुन्हा हसली.

"झालं हसून?" साहेबांनी विचारलं.

"झालं. पण बाबा, आज काही बोलणंच झालं नाही आपलं. तुम्ही निघालात काय आणि पोचलात काय. तुमचा गुडघा कसा आहे, तेसुद्धा विचारायचं राहिलं."

साहेबांनी टेबलाखाली गुडघ्यावरून हात फिरवला. "बरा आहे," ते म्हणाले. "जिना चढताना थोडा दुखतो."

"मग बाबा, आता तर स्पर्धा संपली..." ती घुटमळली. "ठेवा ना परत अर्ध्यावर."

साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत चढवला. मग एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं उघडत जाऊन त्यांनी शंभर खोडला आणि पन्नास केला.

"ठेवतोच," ते कचेरीतल्या आवाजात म्हणाले. "नवी वस्तू आहे. जपूनच वापरायला हवी."

"चला मग," मुलगी म्हणाली, "बाजारात कुठेतरी आग लागलीय."

साहेबांनी घंटा वाजवली आणि बंब हळूहळू बाहेर काढला.